तेरावी गुटी

१

पेरूला गुटी बांधायची तर आधी फांदी पारखावी लागते. करंगळीपेक्षा जाड, अंगठ्यापेक्षा बारीक. अगदी हिरवी कोवळी नको आणि खवले धरलेली जूनही नको. मग धारदार चाकूनं दोन बोटं रुंदीची साल गोल फिरवून अल्लद काढायची, हातातली बांगडी काढावी तशी. आतलं पांढरं लाकूड दिसलं की काम झालं असं समजणारे दीडशहाणे पुष्कळ भेटतात. अहो, त्या लाकडावर एक बुळबुळीत पातळ थर असतो. तो खरवडून पुसला नाही तर झाड आपली साल पुन्हा जुळवून घेतं आणि तुम्ही बसता हात चोळत. त्यावर वारुळाची माती, कुजलेलं शेण आणि ओढ्याकाठचं शेवाळ मळून केलेला गोळा दाबायचा, वरून गोणपाट गुंडाळायचं आणि सुंभानं दोन्ही टोकं आवळायची. दीडेक महिन्यात फांदीला स्वतःची मुळं फुटतात. मग तिला आईची गरज उरत नाही.

संस्थानी अमलातल्या जव्हारात हे काम गोमाइतकं चोख कोणाला जमत नसे. गोमा मूळचा साखरशेतचा. नावावर वीतभर जमीन नाही, पण हाताला गुण होता. त्याचा बाप वसईकडच्या वाड्यांतून मजुरीला जाऊन गुटी शिकून आला आणि त्यानं ती पोराला शिकवली. गोमा डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलटी पडायची आणि सुंभाचं टोक तो एकदा सोडून दोनदा आत खुपसायचा. बापानं कानफटात देऊन पाहिलं, पण गाठ काही सरळ झाली नाही.

दरबारातल्या एका कारभाऱ्याच्या विधवा माईसाहेब गावाच्या कडेला बंगल्यात राहायच्या. गोमा त्यांचा माळी. बंगल्यामागच्या परसात कुडाची झोपडी, तिच्यात तो, बायको सखी आणि सात वर्षांची रुपी. आधीची दोन पोरं तापानं गेलेली. तेव्हा रुपीला साधा काटा लागला तरी दोघं हातातलं काम टाकून धावायची.

श्रावणात माईसाहेबांनी त्याला बोलावलं. "गोमा, माझ्या लेकीनं ठाण्याला घर बांधलंय. तिला आपल्या परसातला हाच लाल पेरू हवाय. बारा रोपं कर. अकरा झाली तर मला तोंड दाखवू नकोस."

"बारा म्हंजे बारा, माईसाहेब."

त्यानं एका सकाळी बसून बारा गुट्या बांधल्या. पोळा झाला आणि पावसानं ओढ दिली, म्हणून प्रत्येक गुटीवर एकेक मातीचं बोळकं टांगलं. बोळक्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी. पाणी थेंब थेंब गळतं, माती ओली राहते. तुम्हीही करून बघा, उन्हाळ्यात कुंड्यांनासुद्धा चालतं. दिवसभर परसात टप, टप आवाज यायचा आणि रुपी झाडाखाली आ करून उभी राहायची.

२

बोळकी टांगल्यावर पाचव्या दिवशी सकाळी गोमा बोळकी भरायला गेला तर गुट्या तेरा.

त्यानं पुन्हा मोजल्या. एकेकीवर बोट ठेवून मोजल्या. बोळकी बारा आणि गुट्या तेरा. तेरावी होती मागच्या बाजूच्या फांदीवर, आणि ती फांदी मनगटाएवढी जाड. इतक्या जाड फांदीला शहाणा माळी गुटी बांधत नाही. पण काम असं सुरेख की बघत राहावं. गोळा एकसारखा, गोणपाटाची कड आत दुमडलेली. गाठ उलटी, टोक दोनदा आत खुपसलेलं.

"सखे, ही मी कदी बांधली?"

सखी भात कांडत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि हसली. "परवा लाडक्याकडं बारशाला गेलावतास ना? मोहाची पिऊन आलास नि बांधलीस. घरी आलास तवा तुला तुझी झोपडी सापडत नव्हती, गुटी काय आठवंल?"

गोमालाही हसू आलं. पटण्यासारखं होतं. माईसाहेबांनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंच झालं. एखादं रोप मेलं तर हाताशी राहील."

गोष्ट तिथंच मिटायची. पण बोळकी भरता भरता त्याचा हात त्या तेराव्या गुटीला लागला. तिच्यावर बोळकं नव्हतं, चार दिवसांत पाऊस नव्हता, आणि गोणपाट पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं होतं. दहिवर पडलं असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. बाकीच्या झाडावर दहिवराचा थेंब नव्हता हे त्यानं पाहिलं होतं, तरी म्हणाला.

३

पुढच्या आठवड्यात भर दुपारी तो झोपडीत नाचणीची भाकर खात बसला होता. सखी ओढ्यावर गेली होती. बाहेर बोळकी गळत होती, टप, टप. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की एक थेंब आतही पडतोय.

त्यानं छपराकडं बघितलं. मग समोरच्या मेढीकडं बघितलं आणि घास तसाच तोंडात राहिला.

छप्पर पेलणारी ती सागाची मेढ त्यानं स्वतः पंधरा वर्षांपूर्वी पुरली होती. मेलेलं लाकूड, धुरानं काळं पडलेलं. तिच्या मधोमध, त्याच्या छातीच्या उंचीवर, गुटी बांधलेली होती. खालून पाणी ठिबकत होतं.

"कोन हाय रं?" तो ओरडला. कुणी चेष्टा करत असणार. त्यानं सुंभ सोडायला हात लावला आणि बोटांनी आपोआप गाठ सोडली, कारण ती त्याचीच गाठ होती. गोणपाट उलगडलं. शेवाळ बाजूला सारलं. आत मुळं होती. पांढरी, दोऱ्यासारखी, जिवंत मुळं, पंधरा वर्षं मेलेल्या सागातून फुटलेली. ती ओली होती, आणि वारा लागताच टोकं आत वळली.

गोमानं तो गोळा दोन्ही हातांनी ओरबाडला आणि चुलीत फेकला. ओला चिखल तडतडला, धुरानं झोपडी भरली. सखी घागर घेऊन आली तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता.

"सखे, मेढीला मुळं फुटली."

"तू आज पन प्यालास?"

"तुझ्या गळ्याशपथ नाय गं!"

तिनं त्याचं तोंड हुंगलं आणि मग मात्र ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडीचं छप्पर एका अंगाला बसलं. मेढ सोललेल्या जागेच्या खाली दगडासारखी शाबूत होती. वरची मात्र अशी वाळली होती की गोमानं बोट लावलं तर भुसा गळाला.

तिसऱ्या दिवशी घरची शेळी. तिच्या मागच्या पायाला, गुडघ्याच्या वर, नीट बांधलेली गुटी. शेळी खुशाल चरत होती. गोमाचं डोकं फिरलं. त्यानं शिव्या घालत कोयत्यानं सुंभ तोडलं आणि गोळा ओढून काढला. रक्ताचा टिपूस आला नाही. आत दोन बोटं रुंदीचं कातडं गोल काढलेलं होतं आणि खरवडून पुसलेलं होतं. संध्याकाळपर्यंत त्या जागेखालचा पाय काटकीसारखा वाळला. शेळीनं उडी मारायला म्हणून तो टेकला आणि पाय कट्कन मोडला.

यात नवल ते काय, असं कोणी माळी विचारेल. साल काढलेली फांदी त्या ओल्या मातीवर जगते. मुळं धरायच्या आत माती काढलीत, की शेंडा गेला. एवढं तर गोमाला झोपेतही ठाऊक होतं.

४

"बा, तू माज्या हाताला कदी बांदलंस?"

रुपी उन्हातून पळत आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. डावा हात तिनं पुढं केला होता. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध गोणपाट, त्यावर सुंभ. पाण्याचा ओघळ बोटांपर्यंत आला होता.

गोमाच्या हातून खुरपं पडलं.

"मी नाय बांदलं, बायो. कुनी बांदलं? कोन आलावता?"

"कोन नाय. मी चिंचेखाली निजलेली, उठले तर हाय." तिनं बोटं हलवून दाखवली. "दुखत नाय. गार लागतं."

सखी मागून आली. तिनं बघितलं आणि किंचाळली. विळा तिच्या हातात होताच. तिनं पोरीचा दंड धरला आणि विळा सुंभाखाली घातला. गोमानं झडप घालून तिचं मनगट पकडलं, इतकं जोरात की विळा लांब जाऊन पडला.

"सोड! सोड मला! काढून टाकते ते!"

"काढू नको! सखे, शेळीचा पाय बघितलास ना? काढलंस तर हात वाळंल पोरीचा!"

सखी तशीच खाली बसली. रुपी एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघत होती. तिला अजून वाटत होतं की हे बापानंच काहीतरी बरं व्हायला म्हणून केलंय. आणि तरीही, बघा, माळ्याची नजर काय असते, गोमाला दिसलं की उन्हानं गोणपाटाची वरची बाजू सुकायला लागलीय.

त्यानं तांब्या भरून आणला. बायकोच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या लेकीच्या हाताला, त्यानं पाणी घातलं. त्याला रडू आवरेना.

५

त्यानंतर दिवसातून तीनदा तो पाणी घालू लागला. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. फार नाही, माती ओली राहील इतकंच. फार पाण्यानं मुळं कुजतात.

माईसाहेबांनी पोरीला परसात बघितलं. "हे काय, गळू झालंय? चिखल कसला थापतोस? उद्या तिला दवाखान्यात ने. जायचं कबूल कर, नाहीतर मी स्वतः कात्री घेऊन येते."

गोमानं शेळीचा तो मोडलेला पाय आणून पायरीवर ठेवला, आणि मग जे घडलं ते सगळं सांगितलं. माईसाहेबांनी चष्मा लावून पाय उलटसुलट पाहिला. आतून लाकडासारखा रेषारेषांचा होता. त्यांनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी रुपीसाठी शेरभर दूध पाठवू लागल्या, आणि परसात मात्र पुन्हा कधी उतरल्या नाहीत.

सखी त्याच्याशी बोलेनाशी झाली. तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी तिनं चुलीपाशी बसूनच विचारलं, "ती गाठ तुजी हाय. दुसरं कोन बांधतं तशी?"

"माजा बा पन सरळ बांधायचा."

"मग?"

"मला ठावं नाय, सखे. आईच्यान ठावं नाय."

"तू झोपेत उठतोस का?"

हा विचार त्याच्याही मनात आला होता. आला होता कशाला, रात्रंदिवस तोच छळत होता. नखांत माती असायची, पण ती माळ्याच्या नखांत असतेच. शेवटी त्यानंच सखीला आपले हात बांधायला लावले. निजताना ती सुंभानं त्याची मनगटं दुसऱ्या, शाबूत मेढीला आवळायची आणि सकाळी सोडायची. त्या दिवसांत कुंपणाच्या कुडाला दोन गुट्या आल्या, विहिरीच्या रहाटाला एक आली. हात तर बांधलेलेच होते. एवढ्यापुरता गोमाच्या जिवाला दिलासा मिळाला, आणि दिलासा मिळताच तो जास्तच भ्याला. मग करतं कोण?

रुपी मजेत होती, हे सगळ्यांत वाईट. तिला ताप नव्हता, दुखत नव्हतं. फक्त डाव्या हाताची नखं भराभर वाढत होती, आणि तो हात भर दुपारीही गार असायचा. सखी तिला कुशीत घ्यायची तेव्हा त्या हाताला पेरूच्या चुरगळलेल्या पानाचा वास यायचा.

झाडाला दीड महिना लागतो. रुपीला अठरा दिवस लागले. अठराव्या दिवशी गोणपाटाच्या विणीतून एक पांढरं टोक बाहेर आलं होतं.

६

मुळं दिसली म्हणून गुटी एकदम तोडायची नसते. ही चूक नवखे लोक हमखास करतात. आधी गुटीच्या खाली, झाडाच्या बाजूनं, अर्धा काप घ्यायचा. आठ दिवस थांबायचं. फांदीला आईवाचून जगायची सवय होऊ द्यायची. मग उरलेला काप.

मुळं दिसल्याच्या दुसऱ्या सकाळी गोमा पेरूपाशी गेला. बाराच्या बारा गुट्यांना अर्धा काप होता. ताजा, स्वच्छ, तिरपा. त्यानं चाकूला हात लावला नव्हता, रात्रभर त्याचे हात तर बांधलेले होते.

तो धावत झोपडीत आला. रुपी अंथरुणात बसून दूध पीत होती. त्यानं तिची बाही वर सारली. गोणपाटाच्या वर, कोपराच्या बाजूला, हाताच्या अर्ध्या घेरापर्यंत एक रेघ होती. केसाइतकी बारीक. त्यानं हलकेच कातडी ताणली तर रेघ उघडली. खोल होती. आत रक्त नव्हतं.

"आठ दिवस," तो म्हणाला.

सखीला सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं माळ्याच्या घरात काढली होती तिनं. तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. "तू माळी ना रं? जव्हारात तुज्यासारका माळी नाय म्हनतात ना? मग कर की कायतरी! झाड जगवतोस, पोर जगव!"

गोमा डोकं धरून बसला. आणि मग त्याला एक गोष्ट सुचली. उंदरांनी बुंध्याची साल गोल कुरतडली की झाड मरतं. पण त्याच झाडाच्या फांदीची सालीची पट्टी कापून ती खालच्या आणि वरच्या सालीत खोचली, घट्ट बांधली, तर रस पुन्हा वर चढतो. बापानं एक फणस असा वाचवला होता. पट्टी मात्र त्याच झाडाची लागते, परक्याची धरत नाही.

"माजी घेऊ," तो स्वतःच्या दंडावर हात ठेवून म्हणाला.

"तुजी कशी? ती माज्या पोटची हाय. साल माजी लागंल."

भर दुपारी, परसातल्या उजेडात त्यानं ते केलं. चाकू उकळत्या पाण्यात घातला. सखीनं पदराचा बोळा दातात धरला आणि मांडी पुढे केली. ती ओरडली नाही. रुपीचे डोळे बांधले होते, ती गुणगुणत होती.

मग गोमानं सुंभ सोडलं आणि गोणपाट उलगडलं. शेवाळाचा गोळा मुळांनी पुरता भरला होता. त्यानं बोटानं माती सारली तसं एक मूळ त्याच्या बोटाभोवती वळलं आणि धरून राहिलं. ते मूळ कोवळं होतं आणि त्याची पकड रुपीच्याच पकडीसारखी होती, तान्ही असताना ती बोट धरायची तशी. गोमाला उलटी आली. त्यानं तोंड फिरवून ती केली, परत वळला आणि मुळं एकेक करून मुळाशी कापली. पट्ट्या खोचल्या. अर्ध्या कापावर हळद दाबली. माईसाहेबांनी पाठवलेल्या धुवट फडक्यानं सगळं आवळलं, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उजव्या हातानं सरळ गाठ मारली.

७

आठ दिवस ती दोघं आळीपाळीनं जागली. पोरीला एका क्षणासाठी नजरेआड केलं नाही. सखीला मांडीच्या जखमेनं ताप भरला, तरी ती बसून राहायची.

नवव्या दिवशी सकाळी त्यानं फडकं सोडलं. हात होता. जागच्या जागी होता. सखीच्या कातडीच्या पट्ट्या गुलाबी होऊन दोन्ही बाजूंना धरल्या होत्या, आणि कापाची रेघ पुसट झाली होती. त्यानं खालच्या भागाला चिमटा काढला तर रुपी ओरडली, "बा, दुकतं ना!"

दुखतं म्हणाली! गोमा उठला आणि परसातून बंगल्याच्या पायरीपर्यंत ओरडत गेला. "माईसाहेब, दुकतंय तिला! पोरीला दुकतंय!" माईसाहेब खिडकीत येऊन रडायला लागल्या. सखी तापातही हसत होती.

त्यानं पेरूच्या बारा गुट्या तोडून कुंड्यांत लावल्या. बाराही जगल्या, बैलगाडीनं घाट उतरून ठाण्याला गेल्या. तेरावी त्यानं फांदीसकट तोडून जाळली. कुंपणाच्या, रहाटाच्या, सगळ्या जाळल्या. त्यानंतर परसात नवी गुटी दिसली नाही. हातही त्यानं बांधून घ्यायचे सोडले.

रुपीचा तो हात अजून गारच असायचा, पण कामाला असा लागला की बघत राहावं. आधी ती उजव्या हातानं जेवायची. आता सगळं डाव्यानं. फुलं गुंफायची डाव्यानं, आईच्या कपाळावर ओली चिंधी ठेवायची डाव्यानं. "बापावर गेली," गोमा सांगत सुटला. खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान वाटला.

८

सखीचा ताप उतरेना. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी गोमा तिच्यासाठी काढ्याची मुळी आणायला गेला. उन्हं डोक्यावर आली होती. तो तासाभरात परत आला. परसात शिरताना त्याला थेंबाचा आवाज आला. टप, टप. बोळकी तर त्यानं कधीच उतरवून ठेवली होती.

झोपडीचं दार लोटलेलं होतं. आतून रुपीचं मुसमुसणं ऐकू येत होतं.

त्यानं दार ढकललं. उजेडाची पट्टी आत पडली, सखीच्या अंथरुणावर. ती ग्लानीत उताणी पडली होती. उशाशी रुपी बसली होती. तिचं तोंड रडून लाल झालं होतं. उजव्या हातानं तिनं स्वतःचाच डावा हात मनगटात धरला होता आणि जीव खाऊन मागं ओढत होती, पाय जमिनीला रेटून ओढत होती. डावा हात ऐकत नव्हता. तो सावकाश, बेतानं, मन लावून काम करत होता. गोणपाटाची कड आत दुमडून झाली होती. गाठ उलटी पडली होती. आता तो सुंभाचं टोक दुसऱ्यांदा आत खुपसत होता.

गोळा सखीच्या गळ्याभोवती होता.

"बा!" रुपी हुंदक्यात म्हणाली. "धर ना याला, बा. मी कवापासून सांगते, आईला नको, आईला नको. ह्यो ऐकतच नाय."

गोमा दारातच उभा होता. हात काम संपवून थांबला आणि रुपीच्या मांडीवर गप पडून राहिला.

सखीनं डोळे उघडले. तिला काही कळलं नव्हतं. तिनं आधी लेकीकडं बघितलं, मग दारातल्या नवऱ्याकडं, आणि कोरडे ओठ हलवले.

"पानी दे."

गोमानं तांब्या भरला. अंथरुणाशी बसून त्यानं तिची मान हातावर घेतली, आणि आधी गोणपाटावर ओतलं.